पुण्याला निघण्याआधीची सभा

गुलनारला वणीला दिलेलं, पण तिचं बालपण सगळं यवतमाळात गेलं. नवऱ्याला, जफरला, पुण्याच्या एका कारखान्यात काम लागलं. खोली मिळताच त्याने तिला बोलावून घेतलं, तेव्हा ती यवतमाळला माहेरीच होती. सोडायला अब्बा जाणार होते. अब्बा म्हणजे जब्बार मिस्त्री. कापसातली सरकी काढणारी जिनिंगची यंत्रं दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेलेली.

निघायच्या आदल्या दिवशी गावात वेगळ्या विदर्भाची सभा होती. मुंबई राज्य फुटणार हे ठरत आलेलं, आणि विदर्भाचं काय यावरून घराघरांत वाद. अब्बांनी काम बंद ठेवून पुढची जागा धरली. गुलनार शेजारच्या हंसाबाईबरोबर बायकांत बसली. ज्या मैदानात ती लंगडी खेळली, तिथं पाय ठेवायला जागा नव्हती. तिचा ऊर भरून आला.

"मावशी, आपलं गाव पाहा ना, केवढं जमलं!"

वक्ता नागपूरचा होता. कापूस आपला जातो आणि कापड विकत घ्यावं लागतं, हे तिला पटलं. घोषणेला तिनेही हात वर केला. मग गडी रंगात आला. "जे पुण्या-मुंबईच्या भाकरीसाठी गाव सोडून चालले, ते आपले नाहीत!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. अब्बांनीही वाजवल्या. मग एकाएकी थांबले आणि मागं वळून बायकांकडे पाहू लागले. गुलनारने मान खाली घातली.

"अवो, भाषणात बोलतेतच असं," हंसाबाई म्हणाली.

घरी जेवताना गुलनारच्यानं राहवलं नाही. "अब्बा, तुम्ही कायले वाजवली टाळी?"

"वाजून गेली बेटा. सगळे वाजवून राह्यले होते."

"म्हणजे मी आता परकी झाली काय?"

अब्बांनी घास खाली ठेवला. "विदर्भ व्हाले पायजे, हे मी उद्याही म्हणीन. पण तुह्या घरावर बोलाचा हक्क त्याले कोनं देला?"

तिचं समाधान झालं नाही. पण बापाने सभा नाकारली असती, तर तेही तिला रुचलं नसतं.

सकाळी स्टेशनवर मूर्तिजापूरची छोटी गाडी उभी होती; तिथून पुढं मोठी गाडी धरायची होती. कालच्या सभेतले दोन कार्यकर्ते तिथंच चहा पीत होते.

"मिस्त्री, पेटी घेऊन कुठं निघाले?"

"पुन्याले," अब्बा मुद्दाम मोठ्यानं म्हणाले. "पोरीले सोडाले."

दोघं एकमेकांकडे पाहत राहिले. मग त्यांतल्या एकाने कप ठेवला, पेटीला हात लावला आणि ती डब्यात चढवून दिली. "सांभाळून जा, ताई," तो म्हणाला.

गाडी हलली. कालच्या भाषणाचा गुलनारला आलेला राग पुरता गेला नाही. तरी पेटी चढवणाऱ्याला तिने हात केला.