घंगाळातला कापूस

या, अंमळ पुढे सरकून बसा. मागच्या भिंतीला टेकून बसणाऱ्याला गोष्टीतला निम्मा गोडवा पोचत नाही, असा माझा अनुभव. आज एका वातीची गोष्ट सांगतो. बुवा पूर्वरंगालाच तासभर घेतात, माझं तसं नाही. निरांजनातलं तूप संपायच्या आत माझी गोष्ट संपेल.

हॉलंडात विमानतळाला खेटून बाडहूव्हडॉर्प म्हणून गाव आहे. तिथे श्यामकांत राहत. वय अठ्ठावन्न, विमानाने जाणाऱ्या मालाचं सॉफ्टवेअर सांभाळायची नोकरी, आणि कीर्तनाचं वेड. घरात ते आणि पत्नी सुचित्रा, दोघंच. दोन हजार वीसच्या फेब्रुवारीत सुचित्रा तीन आठवड्यांसाठी चिंचवडला गेली. तिची थोरली बहीण जयंतीताई, निवृत्त शिक्षिका, एकट्या राहणाऱ्या. पडून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं होतं. सुचित्रा गेली आणि मागोमाग आजार आला, विमानं बंद झाली. पुढे थोडी सुरू झाली, पण ताई काही उठून उभ्या राहिल्या नाहीत.

"अहो, हिला कुणाच्या भरवशावर टाकून येऊ?" सुचित्रा फोनवर विचारायची. "तू तिथंच राहा," श्यामकांत म्हणायचे.

ताईंचे पाय गेले तरी हात शाबूत होते. पडल्या पडल्या त्या फुलवाती वळायच्या. वर्षानुवर्षं बाडहूव्हडॉर्पच्या देवापुढे त्यांच्याच हातची वात जळत आली होती. दर दिवाळीला पुडा यायचा, वर शाळेतल्या अक्षरात लिहिलेलं, 'ओल लागू देऊ नये.'

आता या घरामागची बाग. बाग कसली, दोन सतरंज्या अंथरल्या की संपली. तिच्या कोपऱ्यात सुचित्राने जस्ताच्या एका घंगाळात एक गवत लावलं होतं. दलदलीतलं गवत. डच लोक त्याला वेनप्लाउस म्हणतात, आपण कापूसगवत म्हणू. मे महिन्यात त्याच्या काड्यांच्या टोकांना पांढरेशुभ्र झुपके लोंबतात, हुबेहूब पिंजलेला कापूस. रोपवाटिकेत ते पाहून सुचित्रा म्हणाली होती, "देवाच्या वातींची सोय झाली बघा." आणि उचलूनच आणलं होतं.

त्या वर्षी मे महिन्यात झुपके आले. श्यामकांतांनी खिडकीतून पाहिले, म्हणाले, मीटिंग संपली की खुडतो. मीटिंगमागून मीटिंग. तिसऱ्या दिवशी बाहेर येतात तो नुसत्या काड्या.

फोनवर हे ऐकून जयंतीताई खाटेवरून हसल्या. "श्यामकांतराव, पिंजारी यायच्या आत वाऱ्यानंच पिंजून नेला म्हणायचा. आता पुढच्या वर्षी माझ्यासाठी एक वात वळा. फोनवर लावून दाखवा. तुमचा तो परदेशी कापूस देवापुढे कसा जळतो, ते मला बघायचंय."

"वळेन, ताई. शब्द देतो."

शब्द दिला. इथून गोष्ट सुरू होते.

घर रिकामं झालं की माणसं टीव्ही लावतात, श्यामकांतांची पूजा लांबत गेली. पूर्वी ऑफिसच्या घाईत देवांना एक पळी पाणी मिळायचं. आता दर सोमवारी, दर एकादशीला पंचामृताचं स्नान. विमानं नव्हती, त्यामुळे आभाळही गप्प. संध्याकाळी फोनवर कीर्तन लावायचे. तिकडे बुवा गजर द्यायचे, इकडे हे एकटेच हात वर करून साथ द्यायचे, टाळ्या वाजवायचे. टाळ्या थांबल्या की फ्रिजची घरघर ऐकू यायची.

देवाच्या स्नानाचं पाणी मोरीत ओतायचं नाही, तुळशीला घालायचं, हा सुचित्राचा नेम. पण डिसेंबरात खिडकीतली तुळस गेली. मग श्यामकांतांनी विचार केला, ज्या झाडाचा कापूस देवापुढे लागणार, त्याच्याइतकं पवित्र दुसरं कोणतं? तीर्थ, पंचामृत, निर्माल्याची फुलं, सगळं घंगाळात जाऊ लागलं. वर नळाचं तांब्याभर पाणी. झाडाला आणखी काय हवं?

फेब्रुवारीत घंगाळावर हिरवी साय धरली. पाती पिवळी पडली. वास यायला लागला.

"गवत कसं आहे हो?" फोनवर ताई विचारत.

श्यामकांत गेल्या वर्षीचा फोटो पाठवत. आयुष्यात खोटं बोलले ते एवढंच, आणि तेही एका अंथरुणाला खिळलेल्या बाईशी. फोटो पाठवला त्या दिवशी त्यांना कीर्तन ऐकवत नसे.

मार्चमध्ये कुंपणापलीकडच्या वीपके बाई आपल्या बागेत आल्या. वय ऐंशीच्या पुढे, एकट्याच. दोघांत दीड मीटरचं अंतर आणि एक कुंपण.

"तुझ्याकडे रोज पाहुणे येतात वाटतं? टाळ्या ऐकू येतात," त्या म्हणाल्या. "सध्या नियम घरात एकाच पाहुण्याचा आहे."

"मी एकटाच असतो, मेव्राऊ." मेव्राऊ म्हणजे तिकडचं 'बाईसाहेब'.

"एकट्याच्या मानानं बऱ्याच वाजतात." मग त्यांचं लक्ष घंगाळाकडे गेलं. "हे काय केलंस? घालतोस तरी काय यात?"

श्यामकांतांनी बोटांवर मोजत सांगितलं. "दूध. दही. तूप. मध. साखर."

वीपके बाई कुंपणावरून वाकून घंगाळात डोकावल्या. "माझं लहानपण दलदलीच्या मुलखात गेलं," त्या म्हणाल्या. "जिथे काही उगवत नाही, तिथे हे उगवतं. उपाशी राहायची सवय असलेलं झाड आहे रे हे, आणि तू त्याला रोज लग्नाचं जेवण वाढतोयस. खत नको, नळाचं पाणी नको, त्यात चुना असतो. पावसाचं पाणी घाल. घंगाळ काठोकाठ ओलं ठेव, उन्हात ठेव, आणि त्याला एकटं सोड."

श्यामकांतांनी त्याच दुपारी घंगाळ उपसलं. गड्डा बाहेर काढला, मुळं पावसाच्या पाण्यात तीनदा धुतली. कुजलेलं सगळं गेल्यावर मूठभर हिरवं उरलं. दलदलीतली काळी माती आणून त्यात ते परत लावलं, पन्हळीखाली बादली ठेवली. त्या दिवसापासून देवाचं तीर्थ एका कुंडीतल्या जास्वंदीला जाऊ लागलं. गवताला नुसतं आभाळाचं पाणी. रोज सकाळी जायचं, पाहायचं आणि हात मागे बांधून परत यायचं. प्रेम करायचं आणि काही द्यायचं नाही, ही सेवा त्यांना फार जड गेली.

एप्रिलच्या मध्यावर एक काडी वर आली. एकच. श्यामकांतांनी तिचा खरा फोटो काढला आणि चिंचवडला पाठवला. तो पाहिला गेल्याची खूण आली नाही. चिंचवडला दुसरी लाट होती. ताईंना दवाखान्यात नेलं होतं, आणि चौथ्या दिवशी सुचित्राचा फोन आला. "ताई गेली," एवढंच ती म्हणाली.

सुचित्राने परतीचं तिकीट काढलं, तर भारतातून येणारी विमानं हॉलंडच्या सरकारने पुन्हा थांबवली.

मेच्या शेवटी काडीच्या टोकाला कापूस उमलला. या वेळी मीटिंग चालू होती. श्यामकांत तशीच सोडून बाहेर आले आणि ओंजळीचा आडोसा करून तो खुडला. मग सुचित्राला फोन लावला.

"वळता येत नाहीये गं. रेशमासारखा निसटतो. पीळच धरत नाही."

"घाई करू नका. चकतीसारखा पसरा. आता मधून उचला. बोटाला थोडं दूध लावा, ताई लावायची तसं."

ज्या दुधाने झाड मरणाला टेकलं होतं, त्याच दुधाच्या बोटाने पीळ धरला. वाकडीतिकडी एक फुलवात झाली. चिंचवडला दिवेलागणीची वेळ. बाडहूव्हडॉर्पला दुपारचे चार, लख्ख ऊन. श्यामकांतांनी वात तुपात भिजवली, निरांजनात ठेवली, काडी ओढली.

"ताईंशी मी खोटं बोललो," ते म्हणाले. "तो फोटो जुना होता."

"तिला ठाऊक होतं. फोटोत खिडकीत तुळस दिसत होती ना, ती तर डिसेंबरात गेली. मी तुम्हाला बोलणार होते, तर मला म्हणाली, राहू दे, त्यांचा धीर सुटेल. एकटे आहेत."

उन्हात ज्योत नीटशी दिसतही नव्हती. वात भुरुभुरु जळाली, चार श्वासांत संपली. श्यामकांतांनी सवयीने हात वर केले, गजर दिला. फोनमधून, दोन हजार कोसांवरून म्हणा ना, सुचित्राच्या बारीक आवाजाची साथ आली. मग फोन बंद झाला आणि घरात फ्रिजची घरघर तेवढी उरली.

झाली गोष्ट. आता उठण्याआधी एवढं ऐका. आज घरी जाऊन सांजवात लावाल, तेव्हा कुणाच्या हातची वात आहे ते क्षणभर मनात आणा. आणि ते ठाऊक नसेल तर चिंचवडच्या जयंतीताईंची आठवण काढा. ज्या वातीची त्यांनी वर्षभर वाट पाहिली, ती त्यांना पाहायला मिळाली नाही.