प्रॅक्टिकलला पंचवीसपैकी चोवीस

अक्षतानं वाळूत ठसा उठवायला दाबलेला लाकडी नमुना, म्हणजे पॅटर्न, वर ओढला, तशी निम्मी वाळू त्यालाच चिकटून आली आणि उरलेला साचा भसकन ढासळला. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतली ही लोखंडाच्या ओतकामाची फाउंड्री. साचा न ढासळता उभा राहिला तर साचे भरायच्या विभागात, मोल्डिंग शॉपवर नोकरी, असं ठरलं होतं, आणि तिला नोकरी हवी होती ती इथंच.

"फाउंड्री प्रॅक्टिकलला पंचवीसपैकी चोवीस!" तिची मार्कशीट धरून मॅनेजर उदयसिंह मोठ्यानं म्हणाले. "आन् पॅटर्नवर पावडर मारायची ठावं न्हाय व्हय?"

भोवतीची माणसं हसली. अक्षताचे कान तापले. पावडर नसली की वाळू चिकटते, हे तिनं पेपरात झोकात लिहिलं होतं. पण कॉलेजातल्या वाळूच्या ढिगावर चार वर्षं मांजरं तेवढी निजली. सर म्हणायचे, मागच्या बॅचची जर्नलं उतरवून काढा, आणि मार्कांची खिरापत वाटायचे.

"असू दे," उदयसिंह नरमले. "वर हापिसात कॉम्प्युटरवर बसा. एसी हाय, पगार तेवढाच. डिग्रीवाली पोरं तिथंच बसत्यात."

म्हणजे खोट्या मार्कांवर मिळालेली खुर्ची, आणि आयुष्यभर काचेतून खाली बघत बसायचं! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"सर, तुमीबी आमच्याच कॉलेजचं न्हवं? तुमाला किती पडलं हुतं?"

"तेवीस," त्यांच्या तोंडून निघून गेलं.

"वाळूला हात लावला हुता?"

आता माणसं तोंड फिरवून हसली. मार्कशीटची घडी घालत उदयसिंह म्हणाले, "न्हाय. हितं आल्यावरच शिकलो की."

"मग मलाबी हितंच शिकू द्या. माजं मार्क खोटं हाईत, मी न्हाय. हापिस नको मला."

परवानगीची वाट न बघता ती खाली बसली. पॅटर्नवर पावडर मारली, वाळू चाळून भरली, ठोकून ठोकून बसवली. पॅटर्न काढताना तिनं श्वास रोखला. एका कडेला साचा जरा खचलाच, पण उभा राहिला.

उदयसिंहांनी वाकून सगळीकडनं बघितलं. "काठावर पास म्हणायचं. बोला, किती मार्क देऊ?"

अक्षतानं मनगटानं घाम पुसला आणि भट्टीकडे बोट दाखवलं.

"मार्क तेवढं देऊ नका, सर. लोखंड ओता."