दुसऱ्या बाजूवरचा ‘आता’

मी एक तबकडी आहे. काळी, बारा इंची, जर्मनीत घडलेली. माझ्यावर पाच जणांच्या एका बँडचं संगीत कोरलंय, जॅझमध्ये रॉकचा दणका मिसळलेलं. फ्यूजन म्हणतात त्याला. माझा चरा न् चरा माझ्या ओळखीचा आहे. कुठे बासरीवाला दमतो, कुठे ड्रमवाल्याची काठी निसटता निसटता राहते, सगळं मला पाठ आहे. तरीही माझ्या बाबतीत एक गोष्ट अशी घडली, की तिचा उलगडा मला अजून झालेला नाही.

माझा जन्म अर्ध्या मिनिटाचा. काळा गरम गोळा दोन साच्यांमध्ये दाबला, कडा कापल्या, झालं. पहिल्या मालकाने मला दोनदा वाजवलं आणि नंतर माझ्या कव्हरवर कॉफीचा कप ठेवायला सुरुवात केली. तो गोल डाग अजून आहे. त्याने घर बदललं तेव्हा मी खोक्यात गेले, आणि खोक्यांतून खोक्यांत, देश ओलांडत, एका जुन्या तबकड्यांच्या दुकानात येऊन पोचले. तिथे वर्षानुवर्षं उभी होते. लोक बोटांनी चाळत यायचे, माझ्यापाशी थबकायचे आणि पुढे जायचे. माणसांचं असंच असतं. नाव उच्चारता आलं नाही, की ओळख करून घ्यायचा कंटाळा करतात.

मग एक चष्म्याच्या काचा घासणारा कारागीर आला. त्याच्या नखांत पांढरी भुकटी होती. त्याने मला बाहेर काढलं, भिंगातला ओरखडा शोधावा तशी उजेडात तिरकी धरली, आणि विकत घेऊन घरी नेलं.

त्याची बायको टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. कान असा तिखट, की पलीकडच्या माणसाने तोंड उघडायच्या आत ती त्याला श्वासावरून ओळखायची. कुणी थाप मारली, तर ती आवाजातच तिच्या हाताला लागायची. माझं संगीत तिला मुळीच आवडलं नाही. भांड्यांची मांडणी कोसळल्यासारखं वाटतं, असं ती म्हणायची. पण दर रविवारी सकाळी मटार सोलत ती नवऱ्याशेजारी बसून ते सगळं निमूट ऐकायची.

कारण दुसऱ्या बाजूच्या शेवटच्या गाण्यात एक जागा आहे. पाचही वाद्यं ऐन भरात असताना एकदम थांबतात. एक श्वास घेण्यापुरती शांतता, आणि मग सगळी पुन्हा तुटून पडतात. त्या शांततेत कारागीर बोट वर करायचा आणि म्हणायचा, “आता.” जणू पाच जर्मन त्याच्या परवानगीसाठी खोळंबले होते. ती दर वेळी हसायची. एकोणीस वर्षं हसली.

एका मंगळवारी कारखान्यात, चाक फिरत असतानाच, तो स्टुलावर जरा टेकला. तो उठलाच नाही.

पुढचे दोन महिने मला कुणी हात लावला नाही. मग एका दुपारी तिने मला प्लेअरवर ठेवलं. तिला ते जमत नव्हतं, सुई दोनदा घसरली. शेवटी गाणं त्या जागी आलं. पाचही वाद्यं थांबली.

“आता.”

मी हादरले. माझ्या त्या चऱ्यात काही नाही, थोडी धूळ सोडली तर. पण शब्द माझ्यातूनच वर आला होता, सुईतून, स्पीकरमधून. तिने डोळे मिटले. ती चुकणं शक्यच नव्हतं. त्या आवाजाआधीचा श्वाससुद्धा त्याचाच होता.

त्या दिवसापासून ती बाकीचं गाणं वाजवेनाशी झाली. सुई नेमकी तिथे टेकवायची, ऐकायची, उचलायची, पुन्हा टेकवायची. सुईने माझा तो चरा पुन्हा पुन्हा घासला जात होता. जेवण विसरायची. फोन वाजला तर उचलायची नाही, आणि जन्मभर दुसऱ्यांचे फोन जोडत आलेली बाई ती.

तिची मुलगी दवाखान्यात एक्स-रे काढायची. आईची रया गेलेली पाहून ती रोज येऊ लागली. आईने तिला माझ्यासमोर बसवलं, सात-आठ वेळा ऐकवलं. मुलीला काहीच ऐकू आलं नाही. ती वाद घालत बसली नाही, पण तिचे हात गार पडले होते. मला उचलून ठेवताना ते कळलं.

एक दिवस आई पेन्शनसाठी बाहेर गेली होती. मुलीने मला पिशवीत घातलं आणि दुकानात देऊन टाकलं. त्याच जुन्या दुकानात. घरी तिने सांगितलं, की तबकडी हातून पडली आणि फुटली. आईने फक्त एवढंच विचारलं, की तुकडे कुठे आहेत. हे सगळं मला नंतर कळलं, मुलगी दुकानदाराला खाली मान घालून सांगत होती तेव्हा. आठ दिवस मायलेकी एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. नवव्या दिवशी मुलीने खरं काय ते सांगितलं, आणि दोघी मिळून मला शोधत आल्या.

दुकानदाराने दुसरी बाजू लावली आणि तो मागे सरला. गाणं त्या जागेकडे चाललं होतं. आईने डोकं थोडं कलतं केलं, हेडफोन लावल्यासारखं. पाचही वाद्यं थांबली.

काहीच आलं नाही. नुसती धुळीची करकर. मीही कान लावून होते, काही नव्हतं. वाद्यं सुरू झाली. आईच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. तिने मुलीकडे पाहिलं.

“ऐकलंस?”

मुलीने आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

“हो, आई. बाबाच.”

इतकी वर्षं तारेवरच्या थापा पकडणाऱ्या त्या बाईला ही थाप कळली नाही, असं होणारच नाही.  तिने मुलीचा हात धरला.

“तुझा आवाज त्यांच्यावर गेलाय,” ती म्हणाली. “चल, घरी जाऊ. मला भूक लागलीय.”

मला तिथेच सोडून त्या गेल्या. मला वाईट वाटलं नाही.

सध्या मी भिंतीजवळच्या खोक्यात असते. गेल्या आठवड्यात दुकानदाराने एका गिऱ्हाइकासाठी मला लावलं. वाद्यं थांबली, आणि त्या शांततेत कारागीर बोलला, “आता.” गिऱ्हाइकाने मागे वळून पाहिलं, दाराकडे पाहिलं आणि मला न घेता निघून गेलं. त्यानंतर दोनदा असंच झालं. पूर्वी, रविवारी, त्या शब्दात ऐट असायची. हल्ली तो विचारल्यासारखा येतो, आणि दर वेळी थोडा जास्त हळू.

त्याला उत्तर द्यायला माझ्याकडे आवाज नाही. कोरलंय तेवढंच मला बोलता येतं. म्हणून तुम्हाला सांगते. कधी मी तुमच्या हाती लागले, तर दुसरी बाजू लावा, आणि पाचही जण थांबले, की त्याला एवढं सांगा: त्या दोघी घरी गेल्या. जेवल्या.