घळीतल्या पायऱ्या

"जपून हं, व्याहीबुवा! या पायऱ्या म्हणजे आपल्या वयाला शिक्षाच आहे," असं म्हणत होणाऱ्या सुनेच्या वडिलांनी मिस्त्रींचा दंड धरला.

मिस्त्रींनी नुसती मान हलवली. कड्याच्या माथ्यापासून धबधब्याच्या तळापर्यंत सहाशे चौदा पायऱ्या होत्या आणि त्यातली एकूण एक त्यांच्या हातची होती. तीन वर्षं लागली होती. दगड फोडायला, वाहायला माणसं होती, पण बसवायचे ते एकटे. प्रत्येक दगडाला त्यांनी पुढे नखाएवढा ढाळ ठेवला होता. धबधब्याचे तुषार इथवर उडतात, पाणी साचलं तर पाय घसरेल, म्हणून.

पण आज हे बोलायचं नव्हतं. सकाळी बुटांच्या नाड्या बांधता बांधता मुलानेच सांगितलं होतं, "बाबा, तुम्ही ठेकेदार होता असं मी त्यांना सांगितलंय. आज तेवढं सांभाळून घ्या."

"आणि फिरायला नेमकी हीच जागा सापडली?"

"त्यांनी ठरवली. नको म्हणायला कारण काय देणार होतो मी?"

मिस्त्रींनी बायकोकडे पाहिलं. ती पाण्याच्या बाटल्या भरत होती. मागे न बघताच म्हणाली, "पोराचं जमत आलंय. एक दिवस गप्प बसलात तर जीभ झडणार नाही तुमची."

मुलगा आणि त्याची होणारी बायको भराभर पुढे उतरत होती. तिसऱ्या वळणावर एक वाकडं झाड होतं. मुलीने त्याला झाडाखाली उभं केलं आणि फोटो काढला. त्याच फांदीला चादरीची झोळी बांधून हा आठ महिने झोपला होता. खालून दगड घेऊन आलेली आई आधी हात झटकायची, मग धुवायची, मग त्याला पाजायची. पोराला हे माहीत होतं. लहानपणी ही गोष्ट तो पुन्हा पुन्हा सांगायला लावायचा. आता तो फांदीला हात लावून हसत होता.

"काय सुंदर जागा आहे हो!" मुलीची आई मिस्त्रींच्या बायकोला म्हणाली. "तुम्ही आधी आला होतात कधी?"

बायको कपारीला हात टेकून दम खात होती. या चढणीवर दगड वाहून तिची मान कायमची आखडली होती. बाजूला बघायचं तर अख्खं अंग वळवावं लागे. ती तशीच वळली आणि म्हणाली, "नाही हो. पहिल्यांदाच. आमच्या ह्यांना कामातून सवड कुठे होती!"

वर ती हसलीसुद्धा.

मिस्त्री दोन पायऱ्या मागे होते. पोराचं खोटं त्यांनी सकाळीच गिळलं होतं. हे मात्र घशात अडकलं. ती चेहऱ्यावरची रेघही न हलवता इतकं सहज बोलली, की क्षणभर त्यांनाच वाटलं, खरंच आलो नव्हतो की काय आपण.

तळाशी पाण्याच्या आवाजात मुलीचे वडील ओरडून बोलत होते, "काय काम केलंय बघा! अडाणी माणसं, पण हात बघा त्यांचे! अर्थात तुमच्यासारख्यांनी राबवून घेतलं म्हणून झालं हे."

"हो," मिस्त्री म्हणाले. "घ्यावं लागतं राबवून."

चढताना गुडघे बोलायला लागले, पण ते कुठे टेकले नाहीत. वर आल्यावर सगळे मुलीच्या वडिलांच्या गाडीकडे निघाले. फाटकापाशी ढगळ गणवेशातला एक म्हातारा पहारेकरी खुर्चीवरून ताडकन उठला.

"मिस्त्री! अरे, तूच ना रे?"

मिस्त्री थबकले. टोळीतला त्यांचा जोडीदार होता तो. मिस्त्री कड्याला लटकून भोकं पाडायचे, तेव्हा दोराचं दुसरं टोक याच्या कमरेला असायचं. एकदा कमरेची गाठ सुटली, तेव्हा याचे तळहात सोलून निघाले, पण याने दोर सोडला नव्हता.

मुलीचे आईवडील कुतूहलाने बघत होते. मुलाचा चेहरा पांढराफटक पडला होता. बायको जमिनीकडे पाहत होती.

"कोण मिस्त्री?" मिस्त्री म्हणाले. "तुमचा काहीतरी घोटाळा होतोय."

पहारेकऱ्याने त्यांच्याकडे पाहिलं, मग बायकोकडे, मग मुलाकडे आणि त्याच्या शेजारच्या मुलीकडे. पुढे आलेला हात त्याने खिशात घातला.

"खरंय साहेब," तो म्हणाला. "नजर अधू झालीय. माफ करा."

गाडीत बसल्यावर मुलीचे वडील मोठ्याने हसले. "व्याहीबुवा, चेहराच तसा आहे तुमचा! कुणालाही ओळखीचा वाटेल!" सगळे हसले. बायकोही हसली. मुलाने सुटकेचा निःश्वास सोडला.

पहारेकऱ्याने आडवा दांडा वर केला आणि कुठल्याही गाडीला करावा तसा कडक सलाम केला. मिस्त्री काच खाली करायला निघाले. दारावर चार-पाच बटणं होती. त्यांनी एक दाबलं, मग दुसरं. काच हलली नाही. कोणतं बटण, ते कुणाला विचारणार? गाडी वळणाला लागली, तरी त्यांची बोटं दारावर चाचपडत होती.