टेकडीवरच्या आंबट वाईनची कैफियत

मी एक जुनी बाटली आहे, असं मी मुळीच म्हणणार नाही. बाटली हा माझा नुसता अंगरखा. मी आतली पांढरी वाईन आहे, आणि मित्रांनो, नावालाच पांढरी. उजेडात धरलंत तर वाळल्या गवताच्या रंगाची दिसेन. तुमच्यातल्या लहानग्यांचं मला चाखायचं वय नाही. पण माझी बाजू ऐकून घ्यायला वयाची अट नाही, तेव्हा नीट बसा.

माझं मूळ एका थंड टेकडीवरचं. तिथे सकाळी दहापर्यंत धुकं हटत नसे आणि उन्हाळा पाहुण्यासारखा येऊन जाई. अशा जागी एका हट्टी माणसानं तीन जातींची द्राक्षं लावली, तीही एकाच ओळीत सरमिसळ. एक जात भरघोस यायची, पण आंबटढाण. दुसरीला फुलांसारखा वास, पण अंगात पाणीच फार. तिसरी जाड सालीची, सगळ्यांच्या मागून पिकणारी. शेजारी हसले, तेव्हा तो म्हणाला, "एक रुसली तर दोघी सांभाळून घेतील." तोडणीही तो एकाच दिवशी करायचा. त्या तिघींना एकत्र पिळून, एकाच टाकीत आंबवून मी तयार होते. मला कुणी भेसळ म्हणालं की माझं डोकं फिरतं. मिश्रण आहे मी, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

तो माणूस वारला. मागे राहिली त्याची मुलगी, तिचा धाकटा भाऊ आणि म्हातारी आत्या. मुलगी वाईन करायची, भाऊ विकायचा, आत्या वेलींची छाटणी करून स्वयंपाकघरही सांभाळायची. वडिलांचा एक नियम या मंडळींनी जिवापाड जपला होता. वाईन चाखायची ती तळघरातच, थेट टाकीतून, जिथे झाली तिथेच.

हाच नियम माझ्या मुळावर आला. हिवाळ्यात त्या तळघरात माणसांच्या तोंडातून वाफ निघते. तसल्या गारठ्यात माझी दातखीळ बसते. वास आत दडून राहतो आणि जिभेला कळतो तो नुसता आंबटपणा. लागोपाठ दोन वर्षं गिऱ्हाइकांनी नाकं मुरडली. तिसऱ्या वर्षी, म्हणजे माझ्या वर्षी, भावानं हात टेकले.

"ताई, आता बास," तो माझ्या टाकीला टेकून म्हणाला. "उद्या चाखायला येणाऱ्या साहेबांनी नाही म्हटलं, तर शनिवारी व्हिनेगरच्या कारखान्याचा टँकर येईल. ही सगळी त्यात जाईल. आणि थंडी सरली की वेली उपटायच्या."

"बाबांच्या वेली?"

"मग काय करू? तूच सांग."

मी आत खदखदत होते, पण टाकीचं ऐकतो कोण!

दुसऱ्या दिवशी साहेब आले. सगळे त्यांना नाकवाले साहेब म्हणत, कारण त्यांच्या नाकावर दुकानंच्या दुकानं विसंबून होती. थंडीनं ओठ फुटले होते, म्हणून त्यांनी वर मलम फासलं होतं. त्यांनी एक घोट घेतला, गुळणी करून थुंकला आणि म्हणाले, "दात आंबले हो माझे! वास नाही, चव नाही. नुसतं लिंबू." माझा संताप संताप झाला. थुंकायचं तर निदान जरा वेळ तोंडात तरी ठेवायचं!

रस्त्यावर धुकं दाट होतं, म्हणून ते कॉफीला वर स्वयंपाकघरात थांबले. त्यांचा उरलेला पेला ताईच्या हातात तसाच राहिला होता. तिनं तो शेगडीजवळच्या फळीवर ठेवला आणि विसरून गेली. त्या पेल्यात मी होते. अर्धा तास मी ऊब खात बसले आणि हळूहळू माझी दातखीळ सुटली. आधी फुलांचा वास उठला. मग जाड सालीचा किंचित कडवटपणा आला. आंबट धार या दोघांचा हात धरून ताठ उभी राहिली.

आत्यानं पेला विसळायला उचलला. गुडघ्यांमुळे ती कित्येक वर्षांत तळघरात उतरली नव्हती. टाकून देणं तिच्या स्वभावात नव्हतं, म्हणून तिनं घोट घेतला आणि जागच्या जागी थांबली.

"पोरी, ही कुठली बाटली फोडलीस?"

"बाटली नाही, आत्या. टाकीतलीच आहे ती."

"काहीतरीच! तोडणीच्या दिवशी टोपलीत नाक घातलं की येतो ना, तो वास आहे हा."

तिनं पेला साहेबांच्या पुढे धरला. त्यांनी घोट घेतला. दुसरा घेतला. या वेळी थुंकले नाहीत. मग एकदम भडकून म्हणाले, "ही ती नव्हे! मघाशी तुम्ही मला वेगळीच दिलीत."

"साहेब," आत्या शांतपणे म्हणाली, "काठाला तुमच्याच ओठांचं मलम लागलंय. पहिल्यांदा मला त्याचीच चव आली."

भाऊ मोठ्यानं हसला आणि मध्येच थांबला. "म्हणजे तीन वर्षं आपणच लोकांना ती गारठलेली पाजत होतो!" ताई शेगडीकडे तोंड करून रडत होती.

शनिवारी टँकर आला तसा रिकामा परत गेला.

आता आत्या नाही. माझ्या वर्षाची मी शेवटची बाटली उरले आहे. ओलीनं माझं लेबल सोलून निघालं आहे, त्यामुळे पाहुणे माझ्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. पण मी आहे त्याच फळीच्या टोकाला, खिडकीशी. दर हिवाळ्यात भाऊ स्वतः तळघरातून नव्या वाईनचा पेला वर आणतो, फळीवर ठेवतो आणि सांगतो, "अर्धा तास कुणी हात लावाल तर खबरदार!"

मित्रांनो, गारठ्यात उभं करून कुणाची परीक्षा घेऊ नका. आणि माझ्याकडून गोडव्याची अपेक्षाही करू नका. आंबट आहे मी. त्या आंबटपणाच्या जोरावरच इतकी वर्षं न नासता टिकले. मला नावं ठेवायची तर खुशाल ठेवा, पण आधी अर्धा तास थांबा. तोवर माझ्या शेजारच्या खिडकीतून बाहेर बघा. टेकडीवर वेली अजून उभ्या आहेत, तिन्ही जातींच्या, एकाच ओळीत.