तुमिराच्या कबरीची माती

खाटेच्या पायाखाली पाचवी वीट सरकवताना कास्मिनाच्या कमरेत उसण भरली, आणि नेमकं तेव्हाच खाटेवर पडलेली सासू म्हणाली, "माज्याखाली कशापायी इटा घालतीस? भाताच्या कणगीखाली घाल. तुला खायाचंय. मला आता काय खायाचंय?"

"गप पडा, माक!" कास्मिना ओरडली. सासूला ती माक, म्हणजे आई, म्हणे. "कणगीत भात हायेच कुटं? उंदरं बी घर सोडून गेली!"

"मंग मला बी जाऊ दे की. धरून कशाला ठिवलंयस?"

सासू-सुनेचं भांडण कुठल्या घरात नसतं? पण या दोघी पोटरीएवढ्या खाऱ्या पाण्यात भांडत होत्या. तंबाकलोर गावात समुद्र रोज दुपारी जावयासारखा यायचा. न विचारता घरात शिरायचा, मनाला येईल तेवढा वेळ बसायचा आणि रात्री कधीतरी निघून जायचा. ज्या शेतात कास्मिना नवी नवरी म्हणून भात लावायला उतरली होती, तिथं आता होड्या फिरत होत्या. नवरा कार्तो जाऊन सहा वर्षं झाली होती. एकुलती लेक मलेशियात कुणाच्या तरी घरी भांडी घासत होती. कास्मिना मासळीला धूर देऊन बाजारात विकायची आणि नव्वदीला टेकलेल्या तुमिरा म्हातारीला सांभाळायची.

म्हातारी हळूच म्हणाली, "पोरी, मला कार्तोशेजारी ठिव. पन पान्यात नगं. कोरड्यात ठिव. साकुरीच्या बायकूवानी नगं करू."

साकुरीच्या बायकोचं नाव निघालं की गावातला माणूस मान खाली घालायचा. गेल्या पावसाळ्यात तिची कबर खणली, तर बादल्यांनी पाणी उपसेपर्यंत दुप्पट भरायचं. शेवटी तिला तशीच खाली सोडली. ती तरंगून वर आली. मग चौघांनी बांबू लावून तिला दाबून धरली आणि वरून चिखल लोटला. म्हातारा साकुरी काठावर उभा राहून ते बघत होता. तेव्हापासून त्यानं कबरस्तानाची वाट सोडली होती.

"न्हाई करनार तसं," कास्मिना म्हणाली. "उद्या सभा हाय. मी सदस्य हाय गावची. मातीचं इचारनार हाय मी लुराला."

गावसभेत सात सदस्य होते. लुरा म्हणजे गावचा कारभारी; तोंडावर सगळे त्याला पाक लुरा, म्हणजे लुरासाहेब, म्हणत. त्यानं सरकारी पैशांचं काय केलं, कुठली कामं केली, हे वर्षातून एकदा त्याला समोर बसवून विचारायचा या सातांना हक्क होता. बायकांसाठी एक जागा होती. तिच्यावर कुणी उभी राहीना, म्हणून बायांनी कास्मिनाला ढकललं होतं. 'तुझी जीभ तिकाट हाय,' म्हणाल्या होत्या.

सभा भरली ती गावाच्या कचेरीत. अख्ख्या तंबाकलोरमध्ये कोरडी राहिलेली इमारत तेवढीच, आणि दुसरी रुस्दी लुराची. प्रत्येकासमोर जेवणाचा डबा ठेवला होता: भात, तळलेली कोंबडी, मिरचीचा ठेचा. लुरानं हसतमुखानं वर्षाची कामं वाचून दाखवली. या माणसाला कधी राग यायचा नाही, हीच त्याची मोठी खोड. चिडणाऱ्याशी भांडता येतं, हसणाऱ्याशी कसं भांडणार?

शाळेचे मास्तर सदस्य होते. त्यांनी घसा खाकरून विचारलं, "पानी उपसायचा पंप, पाक लुरा... त्यो बंद हाय न्हवं?"

"बंद कुटं? इश्रांती घेतोय," लुरा म्हणाला. "डिझेल घातलं की चालतोय मास्तर, आन् चालला की डिझेल संपतंय. मी तरी काय करू?"

सभा खो खो हसली. मास्तरही हसले आणि बसले.

मग कास्मिना उठली. आवाज खणखणीत निघाला. "पाक लुरा, ह्या कागदावर लिवलंय, कबरस्तानाची उंची वाढवली, चाळीस ट्रक माती टाकली. मी परवा तितं जाऊन आले. मला ढोपराएवढं पानी लागलं. माती कुटं टाकली?"

"कबरस्तानातच टाकली, म्बाक. समुद्रानं खाल्ली." लुरा तिला म्बाक, म्हणजे ताई, म्हणायचा.

"चाळीस ट्रक?"

"अगं, त्यानं चारशे एकर शेत गिळलं, तवा न्हाई कुनी इचारलं. आता चाळीस ट्रकांसाठी मी समुद्राला नोटीस धाडू का?"

पुन्हा हशा पिकला. कास्मिनानं आजूबाजूला बघितलं. साकुरीही सदस्य होता, तिच्या शेजारीच बसला होता. त्यानं मान डब्यात घातली होती. त्याचा पोरगा लुराचा ट्रक चालवायचा. माती कुठून निघाली आणि कुठं पडली, हे त्या बापलेकांइतकं कुणाला ठाऊक होतं?

"कांग साकुरी, तुमी तरी बोला," ती त्याला थोरल्या भावासारखी हाक मारून कुजबुजली.

साकुरी कोंबडीचं हाडूक चघळत राहिला.

तंबाकलोरमध्ये मतं मोजायची रीत नव्हती. हात वर करून 'नाही' म्हणणं म्हणजे भरल्या ताटावरून कुणाला उठवणं. सभापती हाजी मस्कूर तीनदा विचारणार आणि सगळ्यांनी एका सुरात उत्तर द्यायचं, ही आजोबा-पणजोबांपासूनची चाल.

"मान्य?" हाजींनी विचारलं.

"मान्य!"

"मान्य?"

"मान्य!"

"मान्य?"

"मान्य!"

तिसऱ्या वेळी कास्मिनाला ऐकू आलं की तिचं स्वतःचं तोंडही 'मान्य' म्हणतंय. लहानपणापासूनची सवय. सगळा गाव ओरडला की आपणही ओरडायचं. शब्द बाहेर पडला तो पडलाच. हाजींनी लाकडी हातोडा आपटला, लोक डबे आवरू लागले, आणि लुरा जाता जाता तिला मायेनं म्हणाला, "बरं इचारलंस हं, म्बाक. असं इचारत जावं."

तिला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण तंबाकलोरची धरणीसुद्धा पाण्याखाली होती.

घरी म्हातारी जागीच होती. "काय म्हनला लुरा?"

कास्मिना चुलीकडं तोंड करून म्हणाली, "येनार हाय माती."

"कवा?"

"येत्या आठवड्यात, माक. चाळीस ट्रक."

म्हातारी बोळक्या तोंडानं हसली. "बग, तुला म्हनत हुते. नीट इचारलं की मानूस ऐकतोय." त्या रात्री तिनं दोन घास जास्त खाल्ले. कास्मिनाला अन्न गोड लागेना. मरत्या माणसाशी खोटं बोललेलं कुठं फेडायचं, हे तिला कळेना.

दोन दिवसांनी पहाटे तुमिरा म्हातारी गेली. शेवटपर्यंत तिच्या तोंडी तेच होतं, "कोरड्यात... कार्तोशेजारी..."

मयत झालं की तंबाकलोरमध्ये बोलवायला जावं लागत नाही. सूर्य वर यायच्या आत अंगणात गाव जमला. बायांनी म्हातारीला आंघोळ घातली, कफन बांधलं. कबर खणणारे जाऊन बघून आले आणि दारातच उभे राहिले.

"ओहोटी हाय तरी गुडघाभर पानी हाय," त्यातला एक म्हणाला. "भरती चार वाजता. काय करायचं ते त्याच्या आत." दुसऱ्याच्या हातात बांबू होते. कास्मिनानं ते बांबू बघितले.

जनाजा अंगणात आणून ठेवला. बाप्ये ओळीनं उभे राहिले. रुस्दी लुरा पहिल्या ओळीत, डोक्यावर काळी टोपी, डोळे ओले. खोटे नव्हते हो ते. त्यालाही म्हातारीनं लहानपणी अंगाखांद्यावर खेळवलं होतं.

गावातले मयताचे विधी करणाऱ्या मोदिननं दुआ म्हटली आणि रीतीप्रमाणं विचारलं, "लोकहो, ही बाई चांगली हुती का?"

"चांगली!"

"चांगली हुती का?"

"चांगली!"

"चांगली हुती का?"

"चांगली!"

"मंग आयका. हिच्याकडं कुनाचं काय ऱ्हायलं आसंल, तर घरच्यांना सांगा. घरचे देतील. तिला मोकळं करू द्या." एवढं म्हणून मोदिन क्षणभर थांबतो. कुणी काही बोलत नाही. मग जनाजा उचलतात. पिढ्यानपिढ्या असंच चालत आलंय.

तेवढ्या क्षणात कास्मिना बायांमधून पुढं आली. उंबऱ्याशी साचून राहिलेल्या पाण्यात उभी राहिली.

"मी हिची घरची," ती म्हणाली. "हिच्याकडं कुनाचं ऱ्हायलं आसंल तर मी माजं अंग मोडून देईन. पन हिचं कुनाकडं ऱ्हायलंय त्ये कोन सांगनार? हिच्या कबरीची माती आली हुती. कागदावर हाय. ती कुनाकडं हाय?"

ओळीतले बाप्ये लुराकडं बघू लागले.

"मी हिला खोटं सांगितलंय," कास्मिनाचा आवाज फाटला. "माती येनार हाय म्हनून सांगितलंय. ती त्याच भरवशावर गेली. सभेत मी बी मान्य म्हनले, कुत्रीवानी सगळ्यांसंगं भुकले. हितं न्हाई म्हननार. माती कुनाकडं हाय, सांगा, आन् मंगच उचला."

लुरा पुढं झाला. हसू चेहऱ्यावर आणायचा त्यानं प्रयत्न केला, पण मढ्यासमोर ते काही बसेना. "म्बाक, ही काय जागा हाय का? सभेत बोलू. मोदिन, उचलायला सांगा."

मोदिन गरीब माणूस. लुराच्या मेहेरबानीवर त्याचं घर चालायचं. तो कफनाकडं बघत राहिला. मग म्हणाला, "पाक लुरा, सभेतलं मला कळत न्हाई. पन हितं इचारलं की उत्तर आल्याबिगर जनाजा हलत न्हाई. मी न्हाई हलवनार."

शेवटच्या ओळीतून खोकल्याचा आवाज आला. साकुरी लोकांना बाजूला सारत पुढं येत होता.

"चाळीस न्हाईत," तो म्हणाला. "एकवीस ट्रक आले. माज्याच पोरानं चालवले. एक बी कबरस्तानात गेला न्हाई. मासळी वाळवायचं अंगन हाय न्हवं पाक लुराचं, उंच, कोरडं... त्येच्याखाली हाय समदी." मग तो जनाजाकडं वळला आणि लहान पोरासारखा रडू लागला. "माज्या बायकूची बी त्यातच हाय."

लुरानं टोपी काढली, पुन्हा घातली. मग म्हणाला, "माती गावाचीच हाय की! मी फकस्त सांभाळून ठिवली, वाहून जाऊ नये म्हनून. न्या ना. मी न्हाई म्हनलोय का कदी?"

कबर खणणाऱ्यांनी बांबू तिथंच टाकले, कुदळी उचलल्या आणि चालू पडले. त्यांच्यामागं सगळा गाव निघाला. बायांनी घरून मासळीच्या टोपल्या आणल्या. लुराच्या अंगणात पहिली कुदळ कुणी मारावी म्हणून लोक घुटमळले, तर लुरानंच सदरा खोचला आणि पहिला घाव घातला.

"बग गं, किती साधा मानूस," कास्मिनाच्या मागं एक बाई दुसरीला म्हणाली.

कास्मिनाला हसावं की रडावं कळेना. तिनं टोपली डोक्यावर घेतली.

दुपारभर टोपल्या चालल्या. मयताबरोबर बाया कबरस्तानात शिरत नसत, पण त्या दिवशी कुणाला आठवण राहिली नाही आणि मोदिननंही करून दिली नाही. अर्धी माती पाण्यात पडली की विरघळायची. बाप्ये बांबूंचं कुंपण ठोकून ती धरून ठेवायचे. तीन वाजता पाण्याच्या वर एक काळा उंचवटा दिसायला लागला, एका कबरीपुरता. तिथं खणलं आणि म्हातारीला ठेवलं. खाली ओल होती, पाणी नव्हतं. वरून माती लोटली तेव्हा ती धप्प अशी कोरडी वाजली. तो आवाज ऐकून साकुरी खालीच बसला.

चारला भरती चढली. लोक पाण्यातून घरी निघाले. कास्मिना मागं राहिली. सासूची कबर पाण्याच्या वर होती. शेजारी कार्तोच्या कबरीवरची लाकडी फळी तिच्या डोळ्यांदेखत बुडत गेली. आईला त्याच्याशेजारीच ठेवली होती, पण ती वर आणि तो खाली. एक टोपली त्याच्यावरही टाकायला हवी होती, असं तिला फार वाटलं. पण एका टोपलीनं काय झालं असतं?

तिसऱ्या दिवशी लुराच्या अंगणात सिमेंट कालवायचं यंत्र धडधडू लागलं. उरलेल्या मातीवर चार बोटं जाड कोबा बसला. आता कुदळ मारली तर कुदळच मोडेल. साकुरीच्या पोराकडून ट्रकची किल्ली काढून घेतली. सभापती हाजींनी निरोप धाडला, 'मयताच्या दारी तमाशा केला, म्बाक कास्मिनानं पुढच्या सभेत बोलण्याआधी विचार करावा.'

त्या संध्याकाळी साकुरी आला. कास्मिना मासळीला धूर देत होती. तो सासूच्या रिकाम्या खाटेवर, पाय पाण्यात सोडून बसला. तिनं त्याला चहा दिला. त्यानं तो पिऊन टाकला, कप बाजूला ठेवला.

"पोरगं उद्या शहरात चाललंय," तो म्हणाला. "हमाली करतो म्हनतंय."

"माज्यापायी झालं, कांग."

"न्हाई. माज्यापायी झालं. मीच एक वरीस उशीर केला." तो धुराकडं बघत म्हणाला, "तुजी सदस्याची मुदत किती ऱ्हायली गं?"

"दोन वरसं. का?"

साकुरीनं बोटांवर काहीतरी मोजलं. "मंग त्येवड्यात मरून घ्यावं म्हनतो, माती मागनारं कुनी हाय तवर."

कास्मिनानं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. डोळ्यांत धूर गेला होता की काय, तिनं पदरानं पुसले.

"मरायच्या आदी दोन दिस सांगा, कांग," ती म्हणाली. "भरतीची येळ बगावी लागतीय."

"सांगीन," साकुरी म्हणाला.