गेन्साईची पावडर आणि उतरलेला आकडा

त्या हिवाळ्यात बेप्पू या जपानी शहरातल्या एका गल्लीतलं सभागृह इतकं भरलं, की दाराशी चपला ठेवायला जागा उरली नाही. मंचावर गेन्साई नावाचा भोंदू रक्ताचा अहवाल नाचवत होता.

“आपले तोकुजीसान! प्रोस्टेटचा कर्करोग. सहा महिन्यांपूर्वी रक्तात रोग दाखवणारा आकडा अठरा, आज दोन! चाकू नाही, किरणं नाही. फक्त माझ्या डोंगरी मुळ्यांची पावडर!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. म्हातारा तोकुजी लाजून वाकला. त्याची बायको फुसाए मात्र हात मांडीवर ठेवून बसली होती. चाळीस वर्षं गल्लीतल्या गरम झऱ्याच्या स्नानगृहात रोज जाणारा नवरा महिनाभर घरीच बादलीनं आंघोळ करत होता.

बाहेर त्याचा स्नानसोबती इवाओ भेटला. “वहिनी, आमचा पाठ चोळणारा कुठं हरवला? नव्या नवरीसारखा लाजतो!”

घरी येताच तिनं फर्मावलं, “अहो, सदरा काढा.”

छाती बाईसारखी सुजली होती. “हात लावू नकोस, दुखतं. गुरुजी म्हणाले, विष वर येतंय.”

“विषाला बरी नेमकी हीच जागा सापडली!”

तिनं नवऱ्याला आणि पावडरीच्या पुडीला घेऊन दवाखान्यात डॉक्टर हिराओकांना गाठलं. आठवड्यानं पावडरीच्या तपासणीचा कागद आला.

“ह्यात बायकांचं संप्रेरक मिसळलंय,” डॉक्टर म्हणाले. “ते पुरुषाचं संप्रेरक दाबतं. म्हणून आकडा पडला आणि छाती सुजली. गाठ जागच्या जागी आहे. ह्या संप्रेरकानं पायात रक्ताची गुठळीही होते; ती झाली नाही, हे नशीब.”

पुढच्या सभेत फुसाएनं उभं राहून तो कागद वाचला.

“बाईंचा विश्वास कमी पडला!” गेन्साई ओरडला.

“विश्वास नाही हो, तुमचं चोरटं औषध जास्त पडलं. अजून कोणाची छाती दुखते?”

मागच्या रांगेतल्या तीन म्हाताऱ्यांनी हळूच हात छातीवर नेले. गेन्साई मागच्या दारानं पसार झाला.

“आता काय करायचं?” तोकुजीनं दवाखान्यात डॉक्टरांना विचारलं.

“शस्त्रक्रियेनं लघवी गळू शकते, किरणांनी आतड्याला त्रास होऊ शकतो. दोन्हींत तोटा आहे.”

“गुरुजींच्या औषधात तोटाच नव्हता.”

“होता. त्यानं तो सांगितला नाही, इतकंच.”

गाठ अजून प्रोस्टेट ग्रंथीच्या बाहेर गेली नव्हती. आणखी काही महिने पुड्या खाण्यात गेले असते, तर कदाचित निवडायलाच काही उरलं नसतं. दोन दिवस नवरा-बायको भांडले, प्रश्न लिहून काढले, पुन्हा विचारून आले. तोकुजीनं किरणं निवडली.

बाबांनो, आकडा उतरला म्हणजे रोग उतरला असं नव्हे. तो कशानं उतरला ते विचारा, आणि औषधाचे तोटे सांगणाऱ्याकडेच जा.